युद्धाच्या नावानं सुटलेली गोळी

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. मुंबई–नागपूर लोहमार्गावरची ही बुलढाणा जिल्ह्यातली स्टेशनं. जलंबहून खामगावला एक छोटा फाटा फुटतो. खामगावच्या बाजारातला कापूस या फाट्यानं बाहेर पडे आणि मुंबईच्या गोदीत जाई. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना फारसा चालत नसे, जपानच्या गिरण्यांना मात्र तो हवा असे. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश साम्राज्यानं जपानची मालमत्ता गोठवली, डिसेंबरात जपान उघड शत्रू झाला आणि हे मोठं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. युरोपात पेटलेली लढाई घाटाखालच्या गावांत शिरली ती तोफांच्या आवाजानं नव्हे, तर कापसाच्या भावानं.

ती लढाई पुकारताना इथल्या कोणालाही विचारलेलं नव्हतं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. ना केंद्रीय विधिमंडळाला विचारलं, ना प्रांतांच्या मंत्रिमंडळांना. सुमारे दोन महिन्यांत काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांचं सरकार गेलं आणि १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली सगळी सत्ता गव्हर्नरच्या हाती गेली. मुंबई प्रांतातही तेच घडलं. विधिमंडळ नाही म्हणजे प्रश्न विचारायला जागाच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे गोळीबाराचा हिशोब मागायची वेळ येईल तेव्हा ती लागणार आहे.

१९४२ म्हटलं की आपल्याला ‘चले जाव’ आठवतं. शाळेच्या पुस्तकात नंदुरबारचा शिरीषकुमार असतो, पण तो गोळीला बळी पडला तेव्हा महायुद्ध ऐन भरात होतं ही माहिती दुसऱ्याच धड्यात असते. हे दोन धडे एकत्र वाचले तरच त्या वर्षीच्या पोलिसांच्या बंदुकांचा अर्थ लागतो, असं माझं म्हणणं आहे. पोरं स्वातंत्र्य मागत होती हे खरंच. पण त्यांच्यावर गोळी झाडणाऱ्या सरकारच्या लेखी ती युद्धकार्यात अडथळा आणत होती, आणि त्या एका शिक्क्यानं त्यांचा जीव स्वस्त केला.

युद्धाला उघड नकार द्यायची सुरुवात विद्यार्थ्यांनी केली नव्हती. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे ९०,००० गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. मग वर्षभरानं, १७ ऑक्टोबर १९४० ला, वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे बोलायला उभे राहिले. गांधींनी निवडलेले ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही. या सत्याग्रहाची रीत मोठी विलक्षण होती. सत्याग्रहीनं आधी सरकारी अधिकाऱ्याला पत्र पाठवायचं: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी मी कायदा मोडणार आहे. मग ठरल्या वेळी चौकात जाऊन सांगायचं, की या युद्धाला माणूस देणं किंवा पैसा देणं चूक आहे. तेवढं बोललं की अटक. ‘ना एक पाई, ना एक भाई’ ही घोषणा त्याच काळातली. विनोबांना २१ ऑक्टोबरला पकडलं. भारत संरक्षण नियमांखाली अशी दोन वाक्यं बोलणं हाच गुन्हा होता. पुढच्या वर्षभरात हजारो माणसं याच दोन वाक्यांसाठी तुरुंगात गेली, आणि एकही गोळी झाडावी लागली नाही. एकटा माणूस, आधी कळवलेली वेळ, आधी ठरलेली शिक्षा. सरकारला याहून सोयीचा विरोधक कुठून मिळणार?

विद्यार्थ्यांचं तसं नव्हतं. त्यांच्यात आधीच दुफळी माजली होती, आणि तीही युद्धावरूनच. डिसेंबर १९४० मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशनचं अधिवेशन नागपूरला भरलं आणि तिथे संघटनेची उभी फूट पडली. एका बाजूला कम्युनिस्ट, दुसऱ्या बाजूला काँग्रेसकडे झुकलेले आणि समाजवादी. त्या वेळी कम्युनिस्ट विद्यार्थी युद्धाचे सगळ्यांत कडवे विरोधक होते. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि काही महिन्यांत त्यांच्या लेखी साम्राज्यवादी युद्धाचं ‘लोकयुद्ध’ झालं. १९४२ च्या ऑगस्टात त्यांचा पक्ष आंदोलनाच्या विरोधात होता. हा पलटीचा इतिहास त्या पिढीतले लोक म्हातारपणीही एकमेकांना ऐकवत राहिले.

खुद्द गांधींचा विद्यार्थ्यांच्या संपाला पाठिंबा नव्हता. डिसेंबर १९४१ च्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत त्यांनी विद्यार्थ्यांना बजावलं होतं, की पक्षीय राजकारणात पडू नये आणि राजकीय संप करू नयेत. असहकाराच्या लाटेत निघालेल्या राष्ट्रीय शाळा वेगळ्या. खामगावलाही टिळकांच्या नावाची तशी शाळा उभी होती. पण सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पोरांनी अभ्यास करावा, सूत काढावं, असंच ते सांगत होते. आठ महिन्यांनी ते स्वतः तुरुंगात होते आणि त्यांची पुस्तिका वाचायला थांबणारं रस्त्यावर कोणी नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. युद्धाबद्दल सगळ्या मराठी माणसांचं एकमत मुळीच नव्हतं. डॉ. आंबेडकरांना नाझीवादाचा पराभव सगळ्यांत आधी हवा होता. जुलै १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले, जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. पहिल्या महायुद्धानंतर दारं बंद झालेल्या महारांसाठी त्यांनी पुन्हा लष्कराची वाट मागितली होती आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. विदर्भातल्या अनेक घरांत युद्ध म्हणजे पहिल्यांदा अंगावर चढलेला गणवेश आणि दरमहा येणारी मनीऑर्डर होती. त्या घरातल्या पोराला ‘ना एक भाई’ हे ऐकून काय वाटलं असेल, हे आंदोलनाच्या गौरवग्रंथांत सापडत नाही. शिवाय काँग्रेसही काही शांततावादी पक्ष नव्हता. ८ ऑगस्ट १९४२ च्या गवालिया टँकवरच्या ठरावात स्पष्ट लिहिलं होतं, की स्वतंत्र हिंदुस्थान दोस्तांच्या बाजूनं लढेल. नकार लादलेल्या युद्धाला होता.

९ ऑगस्टच्या पहाटे पुढारी उचलले गेले आणि आंदोलन ज्यांच्या हाती पडलं त्यांच्यात शाळा-कॉलेजची मुलं सगळ्यांत पुढे होती. पुण्यात काँग्रेस भवनापाशी ९ ऑगस्टलाच नारायण दाभाडे हा कोवळा पोरगा गोळीनं पडला. १० तारखेला अहमदाबादला गुजरात कॉलेजच्या दारात विनोद किनारीवाला. ११ तारखेला पाटण्याच्या सचिवालयावर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्च्यातले सात विद्यार्थी. शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरींनी घडवलेला त्यांचा कांस्यसमूह आज त्याच जागी उभा आहे. तीन दिवस, तीन शहरं.

मलकापूरहून पश्चिमेला निघालं की भुसावळ जंक्शन लागतं. तिथल्या प्रवाशाला पुढे सुरतेकडे नेणारी तापी खोऱ्याची वाट नंदुरबारवरून जाते. त्या वेळी हे पश्चिम खानदेशातलं व्यापारी गाव. गुजराती आणि मराठी दोन्ही घराघरांत चालायच्या. ९ सप्टेंबर १९४२ ला, आंदोलनाला बरोबर महिना झाला त्या दिवशी, पोळा तोंडावर आलेला असताना, गावातल्या शाळकरी मुलांनी झेंडा घेऊन प्रभातफेरी काढली. पुढे होता शिरीषकुमार मेहता. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे वय पुरतं सोळाही नव्हतं. घर गुजराती व्यापाऱ्याचं, पोरांच्या तोंडी घोषणाही गुजराती. माणिक चौकात पोलिसांनी फेरी अडवली. नंदुरबारचे लोक आजही सांगतात, की अधिकाऱ्यानं बंदूक फेरीतल्या मुलींकडे वळवली तेव्हा शिरीष पुढे झाला आणि मारायचंच तर मला मार, म्हणाला. नेमके शब्द काय होते ते कोण सांगणार. पण त्या चौकात पाच मुलं मेली एवढं नक्की: शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शाह. नावं सावकाश वाचली की त्या गावचा बाजार डोळ्यांपुढे येतो, मेहता, शाह, वाणी ही पेढ्यांची आडनावं आणि त्यांतच एक केतकर. चौकात आज त्यांचं स्मारक आहे.

आता बंदुकीकडे बघू. हिंदुस्थानात दंगलीसाठी पोलिसांना सर्रास दिली जाणारी ‘मस्केट’ म्हणजे लष्करी .३०३ रायफलीची नळी आतून गुळगुळीत करून .४१० च्या मापात बसवलेलं हत्यार. मुद्दामच अर्धवट केलेलं. रायफलीसारखी लांबवर अचूक गोळी तिच्यातून जात नसे आणि हिसकावून घेतलेल्या बंदुकीला लष्करी काडतूस चालत नसे. म्हणजे १८५७ नंतर सरकारनं आपल्याच शिपायावर ठेवलेला अविश्वास त्या नळीत कोरलेला होता. तरीही चौकाच्या अंतरावर, पंधरा वर्षांच्या पोराला मारायला ती पुरेशी होती.

कायद्याचं बोलायचं तर गोळीबार ही पोलिसांची मर्जी नव्हती, निदान कागदावर नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक क्रम घालून दिला होता. कलम १२७: मॅजिस्ट्रेटनं किंवा ठाणेदारानं बेकायदा जमावाला पांगायचा हुकूम द्यायचा. कलम १२८: न ऐकल्यास बळानं पांगवायचं. कलम १२९: तेवढ्यानं न भागल्यास मॅजिस्ट्रेटनं लष्कर बोलवायचं. आणि शेवटी कलम १३२: या कलमांखाली केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय कोणावरही खटला भरता येणार नाही. ज्यानं गोळी झाडायला लावली त्याचीच परवानगी, गोळीचा जाब विचारायला. शांततेच्या काळात निदान विधिमंडळात कोणी उठून मंत्र्याला विचारी, वर्तमानपत्रं लिहीत. १९४२ मध्ये विधिमंडळ बंद होतं आणि वर्तमानपत्रांवर युद्धाची सेन्सॉरशिप होती. मंजुरी मागायची कोणाकडे? गव्हर्नरकडे. आणि गव्हर्नर कोणाला उत्तर देणार? व्हाइसरॉयला.

व्हाइसरॉय काय करत होता तेही नोंदलेलं आहे. ३१ ऑगस्ट १९४२ ला लिनलिथगो यांनी चर्चिलना तार केली. १८५७ नंतरचं हे सगळ्यांत गंभीर बंड आहे आणि त्याचं गांभीर्य व व्याप्ती आपण लष्करी सुरक्षेसाठी आजवर जगापासून लपवली आहे, असा तिचा मजकूर होता. लपवल्याची ही लेखी कबुली, तीही लपवणाऱ्याच्याच हातची. दहा दिवसांनी, १० सप्टेंबरला, चर्चिल ब्रिटिश संसदेत उभे राहिले आणि एवढ्या अफाट देशात पाचशेहून कमी माणसं मेल्याचं त्यांनी जणू समाधानानं सांगितलं. नंदुरबारची पाच पोरं पडली त्याचा तो दुसराच दिवस होता. पुढे सरकारनंच दिलेला आकडा १९४३ अखेरपर्यंत गोळीबारात १,०६० मृत्यू आणि ९१,८३६ अटका असा आहे, आणि तो कमीच आहे असं मानणारे इतिहासकार बरेच आहेत.

आपल्या प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, सगळ्यांत भीषण प्रकार घडला तो चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला. १६ ऑगस्ट, नागपंचमी. मिरवणुकीवर पोलिसांनी गोळी चालवली आणि बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा मेला. मग जमावानं काही सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या पोलीस ठाण्यापुढे सहा आंदोलक गोळीला बळी पडले आणि तिथेही जमावाच्या हातून पोलीस मेले. हेही लिहिलं पाहिजे. नुसती एका बाजूची प्रेतं मोजून इतिहास होत नाही. पण त्यानंतर चिमूरला लष्कर उतरलं आणि पुरुष तुरुंगात असताना गावातल्या बायांवर अत्याचार झाले. नागपूरहून रमाबाई तांबे आणि आणखी काही स्त्रिया चौकशीला गेल्या, त्यांना बायांनी तोंडानं सांगितलं. सरकारनं चौकशी नाकारली.

तेव्हा सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले. कोणाच्या दारात? बापूजी अण्यांच्या. यवतमाळचे लोकनायक अणे, टिळकांचे अनुयायी, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे पुढारी, या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चिमूरला जाऊन एकदा बघा, एवढंच भन्साळींचं मागणं. ते मान्य झालं नाही आणि भन्साळींना दिल्लीतून बाहेर काढलं. ११ नोव्हेंबरपासून त्यांनी उपोषण धरलं, ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, ६३ दिवस. त्याच्या बातम्या छापायला बंदी आली तेव्हा ६ जानेवारीला देशभरातल्या वर्तमानपत्रांनी अंक न काढता बंद पाळला. अण्यांनी फेब्रुवारीत राजीनामा दिला, पण तो गांधींच्या उपोषणावरून. वऱ्हाडात त्यांचं नाव आदरानं घेतात आणि घ्यावंच, पण या पानावर त्यांची बाजू मला लंगडी वाटते.

न्यायालयं अगदीच निजली नव्हती. मुंबईचे केशव तळपदे भारत संरक्षण नियमांतल्या नियम २६ खाली विनाचौकशी कैदेत होते. २२ एप्रिल १९४३ ला संघ न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी तो नियमच मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर ठरवला. हजारो कैदी सुटायला हवे होते. २८ एप्रिलला सरकारनं वटहुकूम काढून नियमाला मागच्या तारखेपासून कायदेशीर केलं. सहा दिवस!

भन्साळींच्या उपोषणाच्याच हिवाळ्यात, समोरच्या बाजूला, जर्मनीत काय चाललं होतं? १८ फेब्रुवारी १९४३ ला म्युनिक विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल या भावाबहिणीनं युद्धाविरुद्धची पत्रकं वाटली. विद्यापीठाच्या शिपायानं पाहिलं, पकडून दिलं. चारच दिवसांनी, २२ तारखेला, न्यायाधीश फ्राइसलरनं त्यांना आणि ख्रिस्टोफ प्रोब्स्टला मृत्युदंड दिला आणि त्याच दिवशी गिलोटिनखाली घातलं. ब्रिटिश राज आणि नाझी राज्य एका मापानं मोजता येत नाही. भन्साळी ६३ दिवस उपाशी राहून जगले आणि तळपदे न्यायालयात जिंकले, बर्लिनमध्ये यातलं काहीच शक्य नव्हतं. आष्टी-चिमूरच्या, फाशी ठोठावलेल्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे झटल्या आणि १९४५ मध्ये उरलेल्या सात फाशा जन्मठेपेत बदलल्या. तरीही ‘युद्धाच्या काळात प्रश्न विचारणारं पोर शत्रूच्या बाजूचं’ हा हिशोब दोन्हीकडे सारखाच होता.

आणि लोकशाहीत? ३० एप्रिल १९७० ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनामचं युद्ध कंबोडियात नेल्याचं जाहीर केलं. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांतला सगळ्यांत जवळचा जेफ्री मिलर सुमारे ८० मीटरवर होता. सँड्रा शॉयर तर वर्गाकडे चालली होती. हाती होत्या त्या महायुद्धातल्या एम-१ रायफली, म्हणजे आपल्या मस्केटीइतकी सावधगिरीही कोणी बाळगली नव्हती. अकरा दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात आणखी दोघे पडले; त्यांची नावं अमेरिकेतही कमी लोकांना ठाऊक आहेत.

फरक पुढे दिसतो. केंटचा फोटो दुसऱ्या दिवशी जगभर छापून आला. शेकडो कॉलेजं बंद पडली. अध्यक्षांनीच नेमलेल्या स्क्रॅन्टन आयोगानं गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला. आठ जवानांवर खटलाही चालला, १९७४ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. १९७९ मध्ये कुटुंबांना आणि जखमींना मिळून ६,७५,००० डॉलर आणि खेद व्यक्त करणारा एक कागद मिळाला. शिक्षा कोणालाच झाली नाही, पण नऊ वर्षं प्रश्न तरी विचारता आला. नंदुरबारला कागदही नाही, आयोगही नाही. स्मारक आहे, ते गावानं आणि पुढे स्वतंत्र देशानं उभारलेलं.

आणि कलम १३२? १९७३ ला फौजदारी प्रक्रिया संहिता नव्यानं लिहिली गेली, त्यात ते त्याच क्रमांकानं राहिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा क्रमांक १५१ आहे. मंजुरी अजून सरकारचीच लागते.